सरळमार्गी

आमच्या घराण्यात आजवर कुणी दिवे लावले नव्हते. आजोबा तालुक्याच्या कचेरीत कारकून, वडील शाळामास्तर, आणि मी सरकारी हिशेबतपासणी खात्यात ३४ वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून, स्वतःची एकही उघडकीला न येऊ देता, सुखरूप निवृत्त झालेला. ‘काय दिवे लावलेत?’ हा प्रश्न वडील मला दर निकालाच्या दिवशी विचारायचे. त्याचं उत्तर मला वयाच्या ६८व्या वर्षी मिळालं. दिवा लागला. मोटारीच्या डॅशबोर्डवर लागला, पण लागला.

दिवा पिवळ्या रंगाचा. त्यात एक चिमुकली मोटार आणि तिच्या चाकांमागून निघालेल्या दोन नागमोडी रेघा. चित्रकाराला काय सांगायचं होतं ते असो. पाहणाऱ्याला वाटावं, की ही मोटार नुकतीच एखाद्या बारमधून बाहेर पडून, घरी काय सांगायचं याचा विचार करत निघाली आहे.

“हे काय लागलंय?” हिने विचारलं.

“कुठे काय?”

“ते काय, पिवळं.”

“ते होय? असतं ते.”

‘असतं ते’ हे माझं गेल्या चाळीस वर्षांच्या संसारातलं ठेवणीतलं वाक्य आहे. छताला ओल आली, मिक्सरमधून धूर निघाला, माझ्या धाकट्या भावाने उसने पैसे परत केले नाहीत, अशा सर्व प्रसंगी ते कामी आलेलं आहे. या वेळी मात्र ही म्हणाली, “कालपर्यंत नव्हतं,” आणि खिडकीबाहेर बघू लागली. हिचं खिडकीबाहेर बघणं म्हणजे आमच्या खात्यातला ‘खुलासा समाधानकारक वाटत नाही’ हा शेरा.

वास्तविक तो दिवा का लागला असावा याची मला पुसटशी कल्पना होती. आदल्या मंगळवारी रात्री एक छोटासा प्रकार घडला होता. तो मी घरी सांगितला नव्हता. वाचकांपासून मी काही लपवून ठेवत नाही. परंतु वाचकांना मी घरच्यांसारखंच मानतो, तेव्हा तूर्त तुम्हालाही सांगत नाही.

माझी पहिली गाडी सेकंडहँड होती. तिच्या डॅशबोर्डवर सगळे मिळून तीन दिवे, आणि त्यांतला एखादा लागला तर आम्ही आनंदाने एकमेकांना दाखवायचो, कारण त्याचा अर्थ बॅटरी अजून जिवंत आहे. त्या गाडीचं स्टिअरिंग आणि चाकं यांचे संबंध सरकारी होते. वरून हुकूम निघायचा, तो खाली पोचायला वेळ लागायचा, आणि पोचल्यावर त्याची अंमलबजावणी होईलच असं काही नसायचं. आताची गाडी सहा वर्षांपूर्वी मुलाने घ्यायला लावलेली. तिच्यात माझ्यावर नजर ठेवायला जागोजाग यंत्रं बसवलेली आहेत. दार नीट लागलं नाही की बोलते, पट्टा लावला नाही की बोलते. घरी बोलणारं कुणी नसतं तर मला ती आवडली असती.

त्या रात्री सगळे झोपल्यावर (म्हणजे ही झोपल्यावर, घरात आम्ही दोघंच) मी गाडीबरोबर मिळालेलं पुस्तक काढलं. त्यात लिहिलं होतं, की हा दिवा लुकलुकला तर यंत्रणा आपलं काम करते आहे असं समजावं. स्थिर राहिला तर यंत्रणेत दोष आहे. आमच्या कचेरीतही हेच होतं. जी माणसं जागेवर अगदी स्थिर दिसत, त्यांच्याकडून काम होत नसे.

हिशेबतपासनिसाला एकदा शंका आली, की तो मुळापर्यंत जातो. मी पहाटेपर्यंत वाचत बसलो. ही यंत्रणा गाडीचा तोल सांभाळणारी. ईएससी म्हणतात तिला, काही कंपन्या ईएसपी म्हणतात. १९९५ साली बॉश आणि मर्सिडीज या जर्मन कंपन्यांनी ती एका महागड्या गाडीत आणली. दोनच वर्षांनी, ऑक्टोबर १९९७ मध्ये, स्वीडनमधल्या एका मोटार-मासिकाच्या मंडळींनी मर्सिडीजच्या नव्या छोट्या गाडीला परीक्षेला बसवलं. त्या देशात मूस नावाचं हरणाच्या कुळातलं, पण घोड्याएवढं थोराड जनावर रानातून एकदम रस्त्यावर येतं. ते आलं असं समजून गाडी झटकन एका बाजूला काढायची आणि लगेच परत आपल्या बाजूला आणायची, अशी ती परीक्षा. गाडी उलटली. जगभर बोभाटा झाला आणि कंपनीने ही यंत्रणा त्या छोट्या गाडीतही सरसकट बसवायला घेतली. वाचून पुणेकर म्हणून मला जरा गंमत वाटली. स्वीडनच्या लोकांना जी परीक्षा मुद्दाम भरवावी लागते, ती आम्ही रोज दूध आणायला जाताना देतो. फरक एवढाच, की आमच्याकडे मूसच्या जागी रिक्षा असते.

पण खरी गंमत पुढे होती. ही यंत्रणा चालते ती शुद्ध ताळमेळावर! रोकडवही आणि बँकेचं पासबुक शेजारी शेजारी ठेवून आम्ही तपासायचो, अगदी तसं. रोकडवही म्हणजे स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेला एक सेन्सर. चालकाने स्टिअरिंग किती अंशांनी फिरवलं ते तो लिहीत असतो. म्हणजे चालकाच्या मनात काय होतं, त्याची नोंद. पासबुक म्हणजे गाडीच्या पोटातला दुसरा सेन्सर. गाडी प्रत्यक्षात किती वळली, ते तो सांगतो. चारी चाकांच्या वेगाच्या पावत्या आणखी वेगळ्या. मनात एक आणि रस्त्यावर भलतंच, असं दिसलं की यंत्रणा नेमकं एखादंच चाक ब्रेक लावून धरते, इंजिनाचा जोर कमी करते आणि गाडीला परत तुमच्या मनातल्या वाटेवर आणते. हे सगळं तुम्ही ‘अरे देवा’ म्हणायच्या आत. मात्र दोन्ही वह्यांचा ताळा मुळातच जमत नसेल, तर ती शहाण्या हिशेबनिसासारखी हात आखडते आणि शेरा मारते. नेहमीचे ब्रेक चालू राहतात. पण घसरलात तर तुमचं तुम्ही बघा! तो शेरा म्हणजेच हा पिवळा दिवा.

मला त्या दिव्याबद्दल एकदम आपुलकी वाटली. ३४ वर्षं मी लोकांच्या डॅशबोर्डवर हेच तर लावत होतो.

आपुलकी वाटली तरी अडचण होतीच. महिना जुलैचा. पंधरा दिवसांनी आम्हाला ताम्हिणी घाटातून माणगावच्या बाजूला हिच्या माहेरी जायचं होतं. हिच्या आईंना ९० वर्षं पूर्ण होत होती. ताम्हिणीतला जुलै ज्यांनी पाहिला आहे त्यांना सांगायला नको; ज्यांनी पाहिलेला नाही त्यांना सांगतो, की तोही पाहता येत नाही. धुकं असतं.

आमच्या सोसायटीत निवृत्त मंडळी फार, त्यामुळे सल्ल्याला तोटा नाही. तळमजल्यावरचे म्हणाले, “दिव्यावर चिकटपट्टी लावा. माझ्या गाडीत तीन लावल्यात.” तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त इंजिनीअर आहेत. ते म्हणाले, “बॅटरीची तार दहा मिनिटं काढून ठेवा. गाडी सगळं विसरते.” मी तार काढली. गाडी घड्याळातली वेळ विसरली, रेडिओची स्टेशनं विसरली, पण तो दिवा काही विसरली नाही. काही स्मरणशक्ती अशीच असते. आमच्या घरीही आहे.

मुलगा बंगलोरला असतो. फोनवर त्याच्याजवळ सहज विषय काढला, तर तो म्हणाला, “बाबा, आता गाडी चालवणं पुरे करा ना. टॅक्सी करत जा.” हे वाक्य तो हल्ली दर दोन महिन्यांनी म्हणतो. कधी टायर पंक्चर झाला म्हणून, कधी पेट्रोल महागलं म्हणून. या वाक्याची मला फार भीती वाटते. एकदा का मी ‘बरं’ म्हटलं, की किल्ली देवघरात जाणार आणि मी रिक्षाच्या मीटरकडे बघत उरलेलं आयुष्य काढणार. मंगळवारचा प्रकार मी घरी का सांगितला नाही, त्याचं कारण हे.

तरी मुलाने काडेपेटीएवढी एक वस्तू पाठवून दिली. स्टिअरिंगच्या खाली, गुडघ्याच्या वर, १६ पिनांचं एक सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून नव्या मोटारींना ते सक्तीचं झालं. त्यात ही डबी खोचायची आणि मोबाईलवर गाडीच्या तक्रारी वाचायच्या. मी रस्त्यावर गुडघे टेकून, डोकं ब्रेकजवळ घालून ती खोचली. येणाऱ्याजाणाऱ्यांनी मला काय झालं म्हणून विचारलं. मोबाईलवर उत्तर आलं: ‘कोणताही दोष आढळला नाही.’ आणि समोर दिवा ठणठणीत पिवळा!

पुढे कळलं, की गाडीच्या तक्रारींची चार खाती असतात. ‘पी’ म्हणजे इंजिन आणि गिअर, ‘सी’ म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगसारखं चाकांकडचं, ‘बी’ म्हणजे बॉडी, आणि ‘यू’ म्हणजे गाडीतल्या यंत्रांचं आपसातलं बोलणं बंद झालं तर. त्यात यू-०१२६ असा एक कोड आहे; स्टिअरिंगचा सेन्सर बोलेनासा झाला की तो येतो. आमच्या घरी हा कोड महिन्यातून दोनदा तरी येतो. तर ही स्वस्तातली डबी बहुधा पहिल्या खात्यापुरतंच वाचते. सी खात्यात तिला प्रवेश नाही. म्हणजे पाणीपट्टीच्या खिडकीवर जाऊन घरपट्टीची चौकशी करावी आणि ‘तुमची काही बाकी नाही’ असं ऐकून आनंदाने घरी यावं, त्यातला प्रकार.

शेवटी एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. तिथे सोफे होते, कॉफीचं यंत्र होतं आणि गाडी दिसू नये अशी काच होती. तासाभराने एक टाय लावलेला तरुण आला आणि डॉक्टर नातेवाइकांशी बोलतात तसं हळू आवाजात म्हणाला, “सर, स्टिअरिंग अँगल सेन्सर गेला. पूर्ण असेंब्ली बदलावी लागेल.” आणि त्याने कागदावर एक आकडा दाखवला. एवढ्या रकमेत १९८४ साली माझं लग्न झालं होतं, बँडसकट.

“गाडी रस्त्यावर चालवून पाहिलीत का?” मी विचारलं.

“सर, कोड आलाय ना.”

म्हणजे रोकडवहीचा ताळा जमत नाही, तर कारकूनच बदला! वही कुणी उघडायचीच नाही. मी कॉफी संपवली (ती इस्टिमेटमध्ये धरलेली असणार) आणि गाडी घेऊन बाहेर पडलो.

माझ्या पहिल्या गाडीचे एक मिस्त्री होते. धायरी फाट्याजवळ त्यांची पत्र्याची शेड आहे. इंजिनाला कान लावून ते सांगायचे, कुठला व्हॉल्व्ह कुरकुरतोय. मी आणि ही त्यांच्याकडे गेलो. त्यांनी दिवा पाहिला, चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, “साहेब, हे कानाने ऐकू येणारं नाही. पोराला दाखवा.”

पोरगा पंचविशीचा. त्याच्या हातात रबरी कडांचं, शाळेतल्या पाटीएवढं यंत्र. त्याने तेच सॉकेट वापरलं, पण त्याची पाटी चारी खात्यांत शिरली. सी खात्यात एक कोड निघाला. मजकूर असा, की स्टिअरिंगच्या कोनाचा सिग्नल विश्वासार्ह नाही.

“म्हणजे सेन्सर गेला?” मी विचारलं.

“काका, कोड म्हणजे तक्रार असते. निकाल नसतो,” पोरगा म्हणाला. “तक्रार खरी की खोटी ते आकडे बघून ठरवायचं.”

हा मुलगा आमच्या खात्यात असता तर उपसंचालक झाला असता. त्याने पाटी हिच्या हातात दिली आणि म्हणाला, “काकू, तुम्ही फक्त आकडे वाचा.” मग मला स्टिअरिंग डावीकडे शेवटपर्यंत फिरवायला सांगितलं.

“शंभर... दोनशे... तीनशे चाळीस...” ही रेल्वे स्टेशनवरच्या बाईसारखी वाचू लागली. “पाचशे अठरा. थांबलं.”

“आता उजवीकडे.”

आकडा उतरत शून्यावर आला आणि मग उणेमध्ये गेला. “उणे पाचशे सतरा.”

“मध्ये कुठे उडी मारली? अडकला?”

“नाही बाई. कसा लोण्यासारखा गेला.” आयुष्यात माझ्या ड्रायव्हिंगबद्दल हिने काढलेले हे पहिले चांगले उद्गार. ते सेन्सरला उद्देशून होते.

पोरगा चहा पिता पिता समजावू लागला. यातल्या बऱ्याच सेन्सरांत दांड्यावर एक दातेरी चक्र असतं आणि त्याला लागून दोन चिमुकली चक्रं. एकाचे दात दुसऱ्याहून कमी, त्यामुळे दोघांची चाल वेगळी. एकट्याला विचारलं तर तो कोन सांगेल, पण फेरा कितवा ते सांगता येणार नाही. दोघांचं उत्तर एकत्र घेतलं, की स्टिअरिंग कुठल्या फेऱ्यात, किती अंशांवर आहे, ते नेमकं कळतं. मला लगेच पटलं. नुसतं ‘गुरुवार’ म्हटलं तर कुठला गुरुवार कोण जाणे. ‘गुरुवार, पंचमी’ म्हटलं की पंचांगात सापडतो.

“तर काका, सेन्सर एकदम ठीक आहे. त्याचं शून्यही जागेवर आहे, कारण दोन्हीकडे तो जवळजवळ सारखाच जातोय. आता रस्त्यावर चला.”

पोरगा चालवायला बसला, ही शेजारी पाटी घेऊन, मी मागे. सरळसोट, मोकळा रस्ता. गाडी रेघेत चालली होती.

“चौदा,” हिने वाचलं. “तेरा पॉइंट आठ... चौदा... चौदा.”

“गाडी सरळ आहे आणि स्टिअरिंग चौदा अंशावर,” पोरगा म्हणाला. “बघा काका, घड्याळात अकरा आणि बाराच्या मध्ये काटा असावा तसं वाकडं झालंय. तुम्हाला दिसत नव्हतं?”

दिसत होतं. पण मी मान जराशी डावीकडे कलती केली की ते सरळ दिसायचं. पंधरवडाभर मी तसाच चालवत होतो. माणसाला सवय होते.

“सेन्सर खरं बोलतोय,” पोरगा पुढे म्हणाला. “गाडी सरळ चाललीय आणि चालक मात्र वळवतोय, असं आतल्या कॉम्प्युटरला दिसतं. थोडा फरक तो समजून घेतो, पण चौदा म्हणजे फार झालं. म्हणून त्याने सेन्सरलाच खोटं ठरवलं. नवा सेन्सर बसवला असता तरी त्यानेही चौदाच सांगितलं असतं. दोष खाली, चाकापाशी असणार. काका, गाडी कुठे आदळली होती का?”

“छे!” मी म्हणालो.

ही खिडकीबाहेर बघू लागली.

शेडमध्ये परत आलो. पोरगा म्हणाला, “तुम्ही सांगाल तसं करतो. या पाटीवर एक बटण आहे. स्टिअरिंग आत्ता जिथे आहे त्यालाच शून्य म्हणायचं असं त्याला शिकवता येतं. दोन मिनिटांचं काम. दिवा जाईल. पुष्कळ लोक तेवढंच करून घेतात. खालचं वाकडं मात्र वाकडंच राहील.”

मी त्या बटणाकडे पाहिलं. खरं सांगतो, मोह झाला. दोन मिनिटं, किरकोळ पैसे, दिवा गेला, मुलाला सांगायला नको, हिला सांगायला नको. चौदालाच शून्य म्हणायचं, मग जगात वाकडं काही उरत नाही! आणि एकदम मला १९९२ साल आठवलं. एका तालुक्याच्या गावी रोखपालाच्या हिशेबात ४१२ रुपयांचा फरक येत होता. त्या गृहस्थाने वर्षाची आरंभीची शिल्लकच ४१२ रुपयांनी बदलली, आणि पुढे सगळं वर्षभर कसं गुळगुळीत जमत गेलं. तो फरक मी शोधून काढला. माझ्या नोकरीतली ती सर्वांत गाजलेली हरकत. त्याने माझ्या टेबलापाशी उभं राहून हात जोडले होते. “साहेब, घरी कळेल हो,” एवढंच म्हणत होता. मी त्याच्याकडे न बघता शेरा लिहिला होता. आता त्याच्या जागी मी उभा होतो, आणि समोर घाट होता, आणि गाडीत शेजारी ही बसणार होती.

“मंगळवारी रात्री,” मी म्हणालो, “कर्वे रस्त्यावर, मेट्रोच्या खांबांजवळ, डावं चाक... नाही, उजवं... डिव्हायडरवर चढलं. जोरात.”

“उजवंच,” ही शांतपणे म्हणाली. “त्याच्या कपाला पिवळा-काळा रंग लागला होता.”

“तुला माहीत होतं?”

“बुधवारी सकाळी तुम्ही स्वतः गाडी धुतलीत. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. मला वाटलं, कधी सांगताहेत बघू.”

तोवर मिस्त्री गाडीखाली सरकले होते. तिथून आवाज आला, “साहेब, टाय रॉड! वाकलाय बघा.” मी ओणवा होऊन पाहिलं. स्टिअरिंगचा हुकूम चाकापर्यंत पोचवणारी ती सळई. करंगळीच्या जाडीइतकी वाकलेली, बस्स. पण चाकाचा रोख बिघडवायला तेवढं पुरतं. पोराच्या पाटीला आकडा दिसला होता, सळई दिसली ती बापाच्या बॅटरीला. दोघंही एकमेकांकडे न बघता खूश झाले.

“पण चढलंच कसं?” हिने विचारलं.

“समोरून गाड्या येत होत्या. त्यांचे दिवे एकदम असे फुलबाजीसारखे फुटले. काही दिसेना.”

“फुलबाजीसारखे? असं कधीपासून होतंय?”

“असतं ते,” मी म्हणालो, आणि म्हणताक्षणीच जीभ चावली.

पुढचं सगळं रीतसर झालं. नवा रॉड बसला. मग चाकांचा रोख जुळवणाऱ्या यंत्रावर गाडी चढवली. तिथे आधी स्टिअरिंग बरोबर मध्यावर आणून, जमू नये म्हणून सीटला टेकवलेल्या एका दांडीने अडकवून ठेवतात आणि मग चाकं जुळवतात. हे अडकवायचं विसरलं, की चाकं जुळतात पण स्टिअरिंग वाकडं राहतं. परत शेडमध्ये आल्यावर पोराने गाडी सपाट फरशीवर घेतली, चाकं सरळ केली, आम्हाला सगळ्यांना गाडीपासून दूर उभं केलं आणि मगच ते शून्याचं बटण दाबलं. आता त्याला हक्क होता. रस्त्यावर हिने वाचलं, “शून्य पॉइंट चार.” दिवा गेला. एकूण बिल माझ्या लग्नातल्या नुसत्या बँडच्या खर्चाएवढंही झालं नाही.

तिथून ही मला घरी न नेता थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांच्याकडेही यंत्र होतं. मी त्यावर हनुवटी टेकली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. रात्री समोरच्या दिव्यांभोवती किरणं फुटणं हे त्याचं नेहमीचं लक्षण, म्हणाले. म्हणजे दिवा मला आधीच लागलेला होता, आणि मी त्यावर चिकटपट्टी लावून बसलो होतो.

मुलालाही फोन केला. सगळं सांगितलं, डिव्हायडरसकट. ‘गाडी चालवणं पुरे करा’ ऐकायची मनाची तयारी केली होती. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “शुक्रवारी येतो. घाट मी चालवतो. ऑपरेशन झाल्यावर तुम्ही आणि डॉक्टर ठरवा.”

ताम्हिणीत पाऊस कोसळत होता. मी आयुष्यात पहिल्यांदा मागच्या सीटवर बसलो होतो आणि पायाने नसलेले ब्रेक दाबत होतो. एका वळणावर डोंगरावरून तांबडी माती रस्त्यावर वाहून आली होती. गाडीचं मागचं अंग किंचित सरकल्यासारखं झालं, खालून कर्रकर्र असा आवाज आला आणि डॅशबोर्डवर तो पिवळा दिवा दोनदा, तीनदा लुकलुकला. मग गाडी आपल्या वाटेवर सरळ उभी. मुलाने मागे वळून पाहिलं नाही, पण त्याचे कान लाल झालेले मला दिसले. गाडीत कुणी काही बोललं नाही. सासूबाईंनी मात्र गेल्या गेल्या विचारलं, “घाटात काही त्रास नाही ना झाला?” आणि आम्ही तिघंही एकदम म्हणालो, “छे!”

आता दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली आहेत. दिवसा गाडी चालवतो, रात्री नाही. हे डॉक्टरांनी नव्हे, मीच ठरवलं आहे. स्टिअरिंग सरळ असतं आणि मानही. फक्त घरात एक फरक पडला आहे. ओल कुठून आली, पैसे कुठे गेले, गोळी घेतली का, अशा कुठल्याही प्रश्नावर मी ‘असतं ते’ म्हटलं, की ही वाद घालत नाही, खिडकीबाहेरही बघत नाही.

नुसती म्हणते, “चौदा.”